पहिलं चित्र घेताय? मग एवढं बघून घ्या

दारूच्या कायद्यांवरची व्हिक्टोरियन व्यंगचित्रं भिंतीवर लावायची हौस चांगली आहे, पण दुकानात ‘व्हिक्टोरियन’ म्हणून जे दाखवतील ते सगळं तसं नसतं. इंग्रज चित्रकार हॉगार्थची ‘जिन लेन’ हमखास गळ्यात मारतात. ती 1751 ची, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या जन्माच्याही कितीतरी आधीची! चित्र अफाट आहे, पण तुमच्या विषयातलं नाही.

सुरुवात इंग्लंडच्या 1872 च्या लायसन्सिंग (दारूविक्री परवान्याच्या) कायद्यापासून करा. गुत्ते कधी बंद करायचे यावर सरकारने बंधनं घातली आणि गुत्तेवाले खवळले. 1874 ला निवडणूक हरल्यावर पंतप्रधान ग्लॅडस्टननेही खापर जिन आणि बिअरच्या लोंढ्यावर फोडलं. त्या दोन-तीन वर्षांतले ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकाचे अंक चाळा.

‘पंच’ची तेव्हाची चित्रं काळी-पांढरी, लाकडावर कोरलेली. रंगीत दिसली तर रंग कुणीतरी मागाहून भरलाय. मी स्वतः असं एक महागात घेतलं होतं. अजून कपाटामागे आहे. मोठं चित्र लाकडाचे छोटे ठोकळे जोडून कोरायचे, त्यामुळे नीट पाहिलं की कधीकधी सांध्याची केसाएवढी पांढरी रेघ सापडते. नक्कल छापताना ती डाग समजून पुसून टाकणारा छापखाना टाळा. भिंगाखाली काळ्या रेषेऐवजी ठिपके दिसले तर ती मूळ छपाई नव्हे, नक्कल. नक्कल घ्यायला हरकत नाही, फक्त दाम नकलेचा द्या.

आणि चित्राखालची छापील ओळ फ्रेममध्ये कापू देऊ नका. अर्धा विनोद तिथेच असतो.