‘पृथ्वीचे वतन भोगतील’ मधलं वतन म्हणजे देश नाही

इथे इंदुरातल्याच एका ताईंनी विचारलंय. त्या आणि त्यांच्या मैत्रिणी मिळून बायबलमधलं मत्तयचं शुभवर्तमान मराठीतून वाचून राहिल्या आहेत आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात, म्हणजे पाचव्या अध्यायात अडल्या. ‘जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील.’ वतन म्हणजे देश ना, मग पृथ्वीचं वतन काय, आणि भोगतील म्हणजे त्रास भोगतील का?

ताई, आपण इंदूरवाले इथेच फसतो कारण दिवसभर कानावर हिंदी. शब्द मूळ अरबी, हिंदी-उर्दूत तो मायदेश झाला, पण मराठी मुलखात वतन म्हणजे पिढीजात हक्क. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही सगळी वतनं, काम करायचं आणि त्याबद्दल जमीन किंवा उत्पन्न घ्यायचं, बापानंतर मुलाला. सरंजाम वेगळा, तो फौजेच्या खर्चासाठी दिलेला, सरकारची मर्जी फिरली की काढून घेता यायचा. वतन इतक्या सहज सुटायचं नाही, म्हणून तर त्याच्यापायी भाऊ भावाच्या जिवावर उठायचे. आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, वतनदारांना राज्याचे दायाद म्हटलंय, दायाद म्हणजे वारशातले वाटेकरी.

आणि ग्रीक मुळात नेमकं हेच आहे. तिथलं क्रियापद क्लेरोनोमेओ, वारसा मिळणे, त्यातला क्लेरोस म्हणजे चिठ्ठी आणि मग चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा. यहोशवाच्या पुस्तकात इस्राएलच्या वंशांना जमीन अशीच चिठ्ठ्या टाकून वाटलीय आणि मराठी बायबल तिथेही वतनच म्हणतं. येशूचं हे वाक्य बायबलच्याच जुन्या करारातल्या 37व्या स्तोत्रातून आलंय, तिथला हिब्रू शब्द एरेत्स, त्याचा अर्थ जमीनही होतो आणि पृथ्वीही.

आता भोगणे. शिक्षा भोगणे, भोग भोगणे यांनी हा शब्द दुःखाचा करून टाकला, पण जमिनीच्या बाबतीत भोगणे म्हणजे ताब्यात ठेवून उत्पन्न खाणे. महाराष्ट्रात सात-बाऱ्यावर अजून भोगवटादार लिहितात, आपल्याकडे मध्य प्रदेशात खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या नोंदीत, भूमिस्वामी असतं म्हणून हा शब्द कानावरून जात नाही.

हिंदी बायबलमध्ये ‘पृथ्वी के अधिकारी होंगे’ आहे, ते आपण मराठीत घेतलं तर ऑफिसर वाटेल. ‘वारस होतील’ चालेल, सोपं आहे, पण मला स्वतःला वतनच हवं. ज्याच्यासाठी लोक तलवारी काढत तीच गोष्ट इथे सौम्य माणसाला मिळतेय, तीही कोणाच्या मर्जीवर नाही तर वारसाहक्काने, हे वारस शब्दात तेवढं लागत नाही. तुमच्या मैत्रिणींना वाचून दाखवताना आधी पाटलाच्या वतनाचं सांगा आणि मग ही ओळ वाचा.