बिझनेस स्कूलच्या प्रवेशाची शक्यता आणि तिच्यावर करायचा खर्च

प्रश्न : माझे वय २९ असून उत्पादन नियोजनाच्या कामात मला ६ वर्षांचा अनुभव आहे. बिझनेस स्कूलच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या जीमॅट परीक्षेत ६५५ गुण मिळाले आहेत. बचत साधारण २० महिन्यांच्या पगाराइतकी आहे. एका प्रवेश-सल्लागाराने माझी माहिती पाहून ‘पाच नामांकित संस्थांपैकी एका ठिकाणी तरी प्रवेश होईलच’ असे सांगितले आहे. त्यांचे शुल्क ३ महिन्यांच्या पगाराइतके आहे. अर्जांकडे पूर्ण लक्ष देता यावे म्हणून आताच राजीनामा देण्याचाही विचार आहे. हे दोन्ही निर्णय योग्य ठरतील का? माझे गुण त्या संस्थांच्या ७३० या सरासरीपेक्षा बरेच कमी आहेत, याचीही काळजी वाटते.

उत्तर : राजीनामा देऊ नका आणि सल्लागारांचे पूर्ण शुल्कही आज भरू नका. तुमची शक्यता वाईट आहे, असे मात्र माझे म्हणणे नाही. ती तुम्ही आणि तुमचे सल्लागार दोघेही चुकीच्या पद्धतीने मोजत आहात आणि त्या मोजणीवर मोठी रक्कम पणाला लागणार आहे.

आधी गुणांची काळजी दूर करू. जीमॅटचे सध्याचे स्वरूप नोव्हेंबर २०२३ मध्ये आले. त्यात गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर दिले जातात आणि प्रत्येक गुणसंख्येच्या शेवटी ५ हा अंक असतो. जुनी पट्टी २०० ते ८०० होती. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांवरील गुण एकास एक जुळत नाहीत. नव्या पट्टीवरचे ६४५ हे जुन्या ७००च्या आसपास येतात, म्हणजे तुमचे ६५५ जुन्या ७००च्या थोडे पुढेच आहेत. ७३० ही सरासरी जुन्या पट्टीवरची आहे, त्यामुळे ७५ गुणांची जी तफावत तुम्हाला अस्वस्थ करते आहे, ती प्रत्यक्षात बरीच लहान आहे. संस्थांची आकडेवारी वाचताना ती कोणत्या पट्टीवरची आहे, हे प्रत्येक वेळी तपासून घ्या.

मात्र सरासरीच्या जवळ असणे म्हणजे प्रवेशाची शक्यता निम्मी असणे नव्हे. संस्था जी आकडेवारी प्रसिद्ध करतात ती प्रवेश मिळालेल्यांची असते. तेवढेच गुण असूनही नाकारल्या गेलेल्यांची संख्या त्यात कुठेच नसते. म्हणून सुरुवात गुणांपासून न करता एकूण अर्जदारांपैकी किती जणांना प्रवेश मिळतो, येथून करावी. अमेरिकेतील स्टॅनफर्डमध्ये हे प्रमाण १० टक्क्यांहून कमी असते, तर इतर अनेक नामांकित संस्थांमध्ये ते २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान आढळते. त्या प्रमाणापासून सुरुवात करून आपल्या अनुभवाचा दर्जा, जबाबदारीत झालेली वाढ आणि पुढे काय करायचे आहे याची स्पष्टता पाहून आकडा थोडा वर किंवा खाली न्यावा.

हिशेबासाठी तुमच्या पाचही संस्थांमध्ये शक्यता प्रत्येकी १५ टक्के धरू. पाचही ठिकाणांहून नकार येण्याची शक्यता म्हणजे ०.८५ पाच वेळा गुणून येणारे ०.४४. याचा अर्थ, किमान एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता ५६ टक्के. सल्लागारांचे ‘होईलच’ बहुधा अशाच गणितातून आले असावे, पण हे गणित पाच निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरते. तसे ते नसतात. पाचही ठिकाणी तेच गुण, तोच अनुभव, त्याच वरिष्ठांची शिफारसपत्रे आणि अर्जासोबत लिहायचे बहुतांशी तेच निबंध जातात. एका समितीला तुमचे ध्येय धूसर वाटले, तर दुसरीलाही ते तसेच वाटण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे खरा आकडा १५ आणि ५६ यांच्या मध्ये कुठेतरी आहे. खर्चाचे नियोजन करताना मी ३० टक्के धरेन, म्हणजे दहा वेळांपैकी सात वेळा सगळीकडून नकार येईल असे समजूनच पैशांची व्यवस्था करेन.

आता राजीनाम्याकडे पाहू. सप्टेंबरमध्ये अर्ज केला, तर वर्ग साधारणपणे पुढच्या वर्षी ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात. घरखर्च पगाराच्या ६० टक्के धरला, तरी या वर्षभरात ७ पगारांहून अधिक रक्कम बचतीतून जाईल आणि बारा पगारांचे उत्पन्नही बुडेल. हा खर्च ३० टक्के शक्यतेसाठी करण्यासारखा नाही. शिवाय शिफारसपत्र बहुतेक संस्थांना सध्याच्या वरिष्ठांचेच हवे असते आणि अर्जाच्या वेळी तुम्ही बेकार असाल, तर त्याचा खुलासाही द्यावा लागेल. निबंधांना लागणारा वेळ साप्ताहिक सुट्ट्या आणि साठलेल्या रजांमधून काढता येतो. प्रवेश निश्चित झाल्यावर शेवटचे एक-दोन महिने नोकरी सोडून तयारीला दिले, तर माझी हरकत नाही.

सल्लागारांच्या मदतीला किंमत नाही, असे मी म्हणणार नाही. चांगला सल्लागार निबंधातला गोंधळ वेळीच दाखवतो. पण त्यांच्यामुळे शक्यता ३० वरून ३५ टक्क्यांवर गेली असे मानले, तरी त्या पाच टक्क्यांसाठी तीन पगार जास्त होतात. त्यांना लेखी विचारा : गेल्या वर्षी किती जणांनी शुल्क भरले, त्यांपैकी किती जणांना आपल्या मूळ यादीतल्या संस्थेत प्रवेश मिळाला आणि प्रवेश न मिळाल्यास किती रक्कम परत मिळेल? यश मोजताना यादीबाहेरचा प्रवेशही मोजला जात असेल, तर तो आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. पूर्ण शुल्काऐवजी तासांच्या दराने दोन मसुदे तपासून घेता येत असतील, तर तेवढेच करा.

त्याआधी जीमॅट पुन्हा देण्याचा विचार जरूर करा. दोन प्रयत्नांमध्ये १६ दिवसांचे अंतर लागते, १२ महिन्यांत पाच वेळा परीक्षा देता येते आणि कोणते गुण संस्थेला पाठवायचे हे तुम्हीच ठरवता, त्यामुळे कमी गुण मिळाल्यास प्रवेशाचे नुकसान होत नाही. गुण वाढण्याचा फायदा शिष्यवृत्तीतही दिसतो. हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड गरज पाहून मदत देतात, पण अनेक संस्था गुणवत्तेवर शुल्कमाफी देतात आणि सरासरीपेक्षा वर असलेल्या अर्जदाराला ती मिळण्याची शक्यता अधिक असते. म्हणूनच तुमच्या यादीतल्या दोन अतिस्पर्धेच्या संस्था काढून, जिथे तुमचे गुण सरासरीपेक्षा वर आहेत अशा दोन संस्था घालाव्यात. प्रवेशाची शक्यता आणि पदवीची किंमत हे दोन प्रश्न इथे एकत्र सुटतात.

अर्ज दोन टप्प्यांत करा. अमेरिकेतील बहुतेक संस्थांच्या पहिल्या फेरीची मुदत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि दुसरीची जानेवारीच्या सुरुवातीला असते; पहिल्या फेरीचे निकाल अनेकदा डिसेंबरमध्येच लागतात. पहिल्या फेरीत दोन अर्ज करा. तिथे मनासारखा प्रवेश मिळाला तर उरलेल्या तीन अर्जांचा खर्च वाचेल; नकार आला तर निबंधात काय बदलायचे, यावर विचार करायला थोडे तरी दिवस हाती राहतील. म्हणून दुसऱ्या फेरीचे मसुदे डिसेंबरआधीच तयार ठेवा.

बचतीपैकी सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम मुदत ठेवीत वेगळी काढा आणि तिला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नका. परीक्षा, अर्ज आणि मसुदे-तपासणी मिळून एका पगाराची मर्यादा ठेवा. दोन्ही फेऱ्यांत नकार आला, तर नोकरी चालू असल्याने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल. जीमॅटचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात आणि पुन्हा अर्ज करणाऱ्याला अनेक संस्था वर्षभरात काय बदलले, हे विचारतात. त्यामुळे या वर्षी कामात एखादी मोठी जबाबदारी मागून घेता आली, तर ती आजच वरिष्ठांकडे मागा.