स्वस्तातली रॅमेकिन ओव्हनमध्ये टिकतात का?

घरी बेकिंग करून त्याच भांड्यात पाहुण्यांना देता येतील अशी परवडणारी रॅमेकिन, म्हणजे ओव्हनमध्ये ठेवायची उभ्या काठाची लहान भांडी, कोणती घ्यावीत आणि स्वस्त असली की ती तडकतात का, असे आपण विचारले आहे. यातला दुसरा प्रश्न आमच्या घरात चार वर्षे धुमसतो आहे, म्हणून हे उत्तर लिहिते आहे.

सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत भरणाऱ्या गड्ड्याच्या बाजारातून मी सहा पांढऱ्या, उभ्या काठाच्या चिनी मातीच्या वाट्या आणल्या होत्या. प्रत्येक वाटी बोटांवर तोलून टिचकी मारली. खणखणीत वाजली ती घेतली, बद्द वाजली ती परत ठेवली. वाटी उलटी करून बुडाच्या झिलई नसलेल्या कडेला ओले बोटही लावून पाहिले, कारण ओल लगेच शोषली गेली तर माती सच्छिद्र आहे असे समजावे.

पुढे पुण्याहून थोरल्या नणंदबाई आल्या. चोको लाव्हाचे मिश्रण रात्रीच वाट्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवले होते. मी पुऱ्या तळत असताना त्यांनी हौसेने त्या गारठलेल्या वाट्या थेट २०० अंशांवर तापलेल्या ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, सरकवल्या. थोड्याच वेळात ‘टक्’ असा आवाज झाला, एका वाटीचे बूड गोल चकतीसारखे सुटले आणि चॉकलेट खालच्या रॉडवर जळू लागले. ‘गड्ड्यातली भांडी म्हटल्यावर असेच व्हायचे,’ हे त्यांचे वाक्य मी अजून विसरलेले नाही. वास्तविक वाटीची बाहेरची बाजू तापून प्रसरण पावते आणि गार मिश्रणाला टेकलेली आतली बाजू तशीच राहते. त्या ओढाताणीत तडा जातो. त्यात किमतीचा दोष काय?

त्यांनी नंतर भेट म्हणून पाठवलेल्या महागड्या परदेशी रॅमेकिनपैकी एक गेल्या दिवाळीत, ओव्हनमधून काढून ओल्या ओट्यावर ठेवताच, उभे चिरले. त्याचा फोटो मी त्यांना पाठवला. उत्तर अद्याप आलेले नाही.

तेव्हा सुमारे १५० मिलिलिटर मापाची, जाड बुडाची, साधी पांढरी घ्यावीत. भरलेली असतील तर अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढावीत आणि गरम असताना कोरड्या फडक्यावर ठेवावीत. बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, त्यामुळे तीही चालेल. मेलामाइन ओव्हनमध्ये आणि सोनेरी काठाचे भांडे मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नको.

एक मात्र कबूल करायला हवे की ‘ओव्हनसेफ’ असा छाप माझ्या वाट्यांवर नव्हता, आणि टिचकीने तडा कळतो, ओव्हनमध्ये टिकण्याची हमी मिळत नाही. आपण छाप पाहूनच घ्यावे. आतून भडक रंगाची झिलई असलेली तर घेऊच नये, तिच्यात शिसे असू शकते. माझ्या उरलेल्या पाच वाट्यांपैकी चार अजूनही ओव्हनमध्ये जातात. पाचवीत सध्या शेंगाचटणी आहे.