निर्वासितांना आपल्या शहरात घरं द्यावीत का? स्थानिकांचा विरोध असेल तर तो चुकीचा म्हणायचा का?

द्यावीत. माझ्यापुरतं उत्तर इथेच संपतं. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "ज्यांना शेजारी राहायचंय त्यांनाच नको असेल तर त्यांच्यावर का लादायचं?" हे वाक्य मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलेलं आहे. म्हणून लिहिते आहे. लांबेल, वाचायचं तर वाचा.

पुण्यात आमच्या सोसायटीत माझा एक वन बीएचके भाड्याने असतो. मी बी विंगमध्ये राहते, दादा-वहिनी सी विंगमध्ये. २०२१ च्या सप्टेंबरात एजंटने एक अफगाण जोडपं आणलं. तो इथे एम.कॉम. करत होता, सोबत बायको आणि तीन वर्षांची मुलगी. पुण्यात अफगाण मुलं कितीतरी वर्षांपासून शिकायला येतात, त्यातली बरीच आयसीसीआर या भारत सरकारच्या सांस्कृतिक संस्थेच्या शिष्यवृत्तीवर. हे कुटुंबही दोन वर्षं पुण्यातच होतं. १५ ऑगस्टला तालिबानने काबूल घेतलं, विमानाच्या मागे धावणारी माणसं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली, आणि पुढच्याच आठवड्यात यांच्या घरमालकाने महिन्याभरात घर रिकामं करा म्हणून सांगितलं. दोन वर्षं भाडं वेळेवर घेणाऱ्या माणसाला अचानक यांची भीती वाटायला लागली होती.

त्याच्याकडे एक निळी प्लॅस्टिकची फाइल होती. पासपोर्टच्या प्रती, व्हिसा, एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) केलेल्या नोंदणीचा कागद, कॉलेजचं बोनाफाइड, आधीच्या घराचा करार, मुलीच्या लसींचं कार्ड. सगळं तारखेप्रमाणे लावलेलं. फाइलच्या कडा इतक्या वेळा उघडून मऊ पडल्या होत्या की आतले कागद बाहेर डोकावत होते. मी काही विचारायच्या आत तो एकेक कागद काढून माझ्यासमोर ठेवत होता. माझ्याकडे आजवर आठ-नऊ भाडेकरू राहून गेले, त्यांच्यापैकी आयटीतल्या एकानेही एवढे कागद दाखवले नव्हते. डिपॉझिट दोन हप्त्यांत देऊ का, एवढीच एक सवलत त्याने मागितली, कारण तिकडच्या बँकांचे व्यवहार अडकले होते आणि वडिलांकडून पैसे येणं थांबलं होतं.

मी हो म्हटलं. एजंटने ते वॉचमनला सांगितलं, वॉचमनने सेक्रेटरींना, आणि रविवारी सकाळी सभा लागली.

चाळीसेक माणसं होती. कुणी म्हणालं उद्या पोलीस आले तर. कुणी म्हणालं आपल्याच गावाकडच्या पोरांना पुण्यात खोली मिळत नाही. पाण्याच्या टँकरचा विषय निघाला, लहान मुलींचा निघाला. मी सांगत होते की हा माणूस दोन वर्षं पुण्यात आहे, याच्यावर साधी तक्रार नाही. तेवढ्यात दादा उठला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाडं तिच्या खात्यात, धोका आमच्या जिन्यात. ज्यांना शेजारी राहायचंय त्यांना नको असेल तर लादायचं का?" टाळ्या पडल्या. परदेशी नागरिकांना भाडेकरू ठेवू नये असा ठराव झाला. बाजूने एकतीस, विरोधात सहा.

तो मुलगा त्या वेळी गेटपाशी वॉचमनच्या केबिनजवळ उभा होता, टोकन द्यायला आला होता. मुलगी कडेवर झोपलेली. सगळ्यांना तो दिसत होता. तासभर त्याच्याबद्दल चर्चा झाली आणि एकालाही वाटलं नाही की त्याला बोलवावं, खुर्ची द्यावी, जे विचारायचं ते त्यालाच विचारावं. मलाही सुचलं नाही. हे मला आजही बोचतं.

आता दादाबद्दल सांगते, कारण तुमचा प्रश्न आणि दादाचा प्रश्न एकच आहे.

आमची आजी मूळची वळिवड्याची, कोल्हापूरजवळची. १९४३ मध्ये तिथे पोलिश लोकांचा कॅम्प झाला. रशियाने सायबेरियाकडे नेलेली ही माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि सुमारे पाच हजार जण वळिवड्याला राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. आजी तेव्हा अकरा वर्षांची. पणजोबा कॅम्पात दूध घालायचे, ती कळशी धरायला जायची. "भाषा कळायची न्हाई, पर उपाशी पोर कुनाचंबी असू दे, वळखू येतंय की," असं ती सांगायची. तिथल्या एका बाईने तिला हातरुमालाएवढं भरतकामाचं कापड दिलं होतं, लाल दोऱ्याच्या फुल्या-फुल्यांचं. ते आता माझ्याकडे आहे.

१९४८ पर्यंत पोलिश लोक गेले आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित आले. तेच आजचं गांधीनगर. कोल्हापूर-सांगली भागात कापडाचं दुकान असलेल्या कुणालाही गांधीनगर काय आहे ते सांगावं लागत नाही. तिकडे कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत लाखभर सिंधी आले आणि १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. आजही त्या शहराचे भाग कॅम्प एक ते पाच अशाच आकड्यांनी ओळखले जातात.

दादाने पुण्यात रेडिमेडचं दुकान टाकलं तेव्हा बँकेने त्याला दारात उभं केलं नव्हतं. गांधीनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याने नव्वद दिवसांच्या उधारीवर माल दिला, तोही फक्त "वळिवड्याच्या आजीचा नातू" या ओळखीवर. दिवाळीचा पहिला सीझन त्या मालावर निघाला. सभेनंतर मी दादाला हे जिन्यात सांगितलं. तो म्हणाला, "ते आपले होते. फाळणीत आले होते." मी म्हटलं, मग पोलंडवाले कोण होते? तो वर निघून गेला. तेव्हापासून राखीपौर्णिमेला वहिनी एकटीच येते.

"आपले" हे नेहमी नंतर ठरतं, असं माझं ठाम मत आहे. सिंधी इथे आले तेव्हा 'निर्वासित' हा शब्द लोक शिवीसारखा वापरत. आज त्यांच्या दुकानातून आणलेला शालू नेसून आपण लग्नाला उभे राहतो.

पुढे काय झालं ते सांगते, कारण ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, घर लिव्ह अँड लायसन्सवर (भाडेकराराने) द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवायचं असतं. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी लावते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. मी पत्र दिलं, करार नोंदवला, पोलिसांकडे माहिती दिली. परदेशी माणसाला घर दिलं की तेव्हा चोवीस तासांत 'सी फॉर्म', म्हणजे त्याची सरकारला माहिती देणारा अर्ज, ऑनलाइन भरावा लागायचा, तोही भरला. बरेच घरमालक केवळ या फॉर्मच्या धास्तीने नाही म्हणायचे. मला अर्धा तास लागला.

ते अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार राहिले. भाडं एकदाही चुकलं नाही. एकदा त्याची बायको माझ्याकडे आली असताना तिने आजीचं ते कापड पाहिलं, उलटं करून मागचे टाके बघितले आणि मान हलवली. आमची बोलायची भाषा म्हणजे तिचं मोडकं हिंदी, पण मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ आहे हे तिला दाखवायचं होतं, ते मला कळलं. २०२३ मध्ये ते कॅनडाला गेले.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. विरोध करणारा प्रत्येक जण वाईट असतो असं मी म्हणत नाही. पाणी एक तास येत असेल, शाळेत एका वर्गात सत्तर मुलं असतील आणि सरकारने कुणाला न विचारता तिथेच हजार माणसं आणून ठेवली, तर लोक चिडणारच. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्लीत असाच कारभार दिसला. केंद्रीय गृहनिर्माण मंत्र्यांनी सकाळी जाहीर केलं की म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांना दिल्लीतल्याच बक्करवाला भागातल्या फ्लॅटमध्ये हलवणार, आणि त्याच दिवशी गृह मंत्रालयाने असा कोणताही निर्णय नसल्याचं सांगितलं. ना शेजाऱ्यांना काही ठाऊक, ना त्या माणसांना. अशा कारभारात दोघंही भरडले जातात. पण माझ्या सोसायटीतला विरोध पाण्यासाठी नव्हता. आमच्या सभेच्याच महिन्यात वरच्या मजल्यावर सहा जणांचं कुटुंब राहायला आलं, तेव्हा टँकरचा विषय कुणी काढला नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. कागदोपत्री तो निर्वासित नव्हता, विद्यार्थी व्हिसावर होता, फक्त परत जाऊ शकत नव्हता. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही, निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. त्यामुळे तिबेटींना एक वागणूक, तमिळनाडूतल्या श्रीलंकन तमिळांना कॅम्प, आणि अफगाण किंवा रोहिंग्यांच्या हातात संयुक्त राष्ट्रांचं कार्ड, असा सगळा कारभार आहे. एका कुटुंबाला घर देणं आणि शहरात हजारो लोकांची सोय करणं यात फार फरक आहे हेही मला मान्य आहे. दुसरं काम घरमालकांच्या चांगुलपणावर सोडता येत नाही. तिथे सरकारला जागा, पाणी, शाळा आधी उभ्या कराव्या लागतील. आणि माझी नोकरी होती, भाड्यावर घर चालत नव्हतं, म्हणून मी सोसायटीशी भांडू शकले. प्रत्येकाला ते जमेल असं नाही.

तरीही तुमच्या सोसायटीत असा विषय आलाच, तर मत द्यायच्या आधी त्या माणसाला आत बोलवा आणि त्याची फाइल सगळ्यांसमोर उघडू द्या. एवढं कराच.

आमचा तो ठराव इतिवृत्ताच्या वहीत अजून तसाच आहे. त्याच्या बळावर गेल्या वर्षी डी विंगमधल्या एका काकांना येमेनच्या विद्यार्थ्याला नकार द्यायला लावलं. काकांना उपविधी माहीत नव्हते आणि मी गावी होते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. ठराव रद्द करण्याचा विषय मी सेक्रेटरींकडे लेखी दिला आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाच्या सहीसाठी गेल्या वेळच्या सहापैकी तिघे तयार आहेत, पण मी त्यांना थांबायला सांगितलंय. दादा, तू इथे वाचतोस हे मला वहिनीने सांगितलं. कागद माझ्याकडे आहे, त्यावर अनुमोदकाची जागा अजून कोरी आहे.