घरउंदीर सारखेच दिसतात, मग गुणसूत्रांची संख्या वेगळी कशी?

खानापूरच्या कौलारू घरातला काळा उंदीर नि जपानमधला तसाच उंदीर यांच्या गुणसूत्रांची संख्या वेगळी कशी, असा तुमचा प्रश्न आहे.

पूर्व आशियातल्या उंदरात गुणसूत्रं 42, श्रीलंकेत 40, आपल्याकडच्या प्रकारात 38. म्हणजे काही हरवलं का? नाही. वर्गात मी दोन खडू टोकाला टोक लावून चिकटवून दाखवतो. खडू एकाने कमी झाला, पण चुना तेवढाच राहिला. इथंही तसंच झालंय. टोकाशी सेंट्रोमिअर (गुणसूत्राची आवळलेली जागा) असलेली दोन गुणसूत्रं जुळून एक लांब गुणसूत्र झालं. 11 नि 12 क्रमांकाच्या जोड्या जुळल्या की 42 चे 40 होतात. 4 नि 7 पण जुळल्या की 38. जपानी शास्त्रज्ञ तोसिहिदे योसिदा यांनी हे उलगडलं. जनुकं जवळपास तीच, म्हणून रूपही तेच.

खरा फरक पिल्लांच्या वेळी कळतो. 38 नि 42 वाल्यांचा संकर झाला तर पिल्लू जगतं, पण बीजपेशी बनताना जोड्या नीट लागत नाहीत नि त्याची प्रजननक्षमता घटते. नवी जात वेगळी पडायला सुरुवात अशीही होते, आणि मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

त्या उंदरामागं येणाऱ्या सापांचं मात्र उलट आहे. बहुतेक सापांत 36च, 16 मोठी नि 20 अगदी बारीक. तिथं बदल दिसतो तो मादीच्या डब्ल्यू या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रात: घोणशीच्या कुळात ते बरंच झिजलेलं असतं.