पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना काही होत नाही, उतरतानाच गुडघा का दुखतो?

उतरताना गुडघ्याच्या वाटीवर जास्त दाब येतो, म्हणून.

गुडघ्यात तीन हाडं येतात: वर मांडीचं, खाली नडगीचं आणि समोर वाटी. वाटी मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत, बसलेली असते. ती मांडीच्या हाडाच्या खाचेत वरखाली सरकते आणि कप्पीसारखं काम करून पाय सरळ करायला स्नायूला जोर मिळवून देते.

आता उतरताना नीट बघा. उजवं पाऊल खालच्या पायरीला टेकेपर्यंत सगळं वजन वाकलेल्या डाव्या गुडघ्यावर असतं. मांडीचा स्नायू तेव्हा ताणला जाता जाताच ब्रेक लावत असतो, आणि गुडघा वाकत जातो तशी वाटी मागच्या हाडावर जोरात दाबली जाते. स्नायू कमजोर असेल किंवा वाटीमागची कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, झिजली असेल, तर कळ नेमकी समोरून येते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती सहजासहजी भरून येत नाही. म्हणून दुखणं अंगावर काढू नका.

मांडीचा व्यायाम सुरू करा, हा खरा उपाय. तोवर कठडा धरून, दुखरा पाय आधी खाली टाकत उतरा. ब्रह्मगिरीच्या डोंगरावर जाणार असाल तर काठी हवीच.

गुडघा मध्येच अडकत असेल तर हाडांमधली गादी फाटल्याची शंका येते. दगा देत असेल तर हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटची. सूज असेल तर थेट हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, नुसतं तेल चोळत बसू नका.