तीव्र ल्युकेमियात गोळ्या चालू असतानाच आजार का उलटतो?

तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या एका कर्करोगात, आधी लागू पडलेले औषध पुढे निकामी का होते आणि त्याविषयी संशोधकांना काय सापडले आहे, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही, सोलापुरात माझे औषधांचे दुकान आहे. तरीही लिहितो, कारण या प्रश्नाचे एक चुकीचे उत्तर आमच्या नात्यात गेली पंधरा-सोळा वर्षे ऐकवले जात आहे.

माझ्या भाच्याला अकराव्या वर्षी याच आजाराचा एक प्रकार, टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा ल्युकेमिया, झाला. मुंबईतील केमोचे कठीण टप्पे पार पडल्यावर मेंटेनन्स, म्हणजे आजार परतू नये म्हणून दीर्घकाळ चालणारे गोळ्यांचे उपचार, घरीच सुरू झाला. रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिन, म्हणजे सिक्स-एमपी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, आणि ठरलेल्या तारखेला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई. मात्रा दीड गोळीची होती. ताई स्टीलच्या झाकणावर ब्लेडने गोळी कापत असे, उरलेली अर्धी दुसऱ्या दिवसासाठी डबीत ठेवत असे आणि मुलाने पाणी प्यायल्यावरच कॅलेंडरच्या चौकटीत लाल टिंब देत असे. गड्ड्याच्या यात्रेत शोभेच्या दारूकामाच्या रात्री त्याला गच्चीवरून रोषणाई दाखवून खाली आणले, तेव्हाही आधी गोळी आणि मग अंथरूण. दुधाबरोबर गोळी देऊ नये असे सांगितले होते, म्हणून तिने त्याचे रात्रीचे दूध बंद केले आणि सासूबाईंची बोलणी खाल्ली. दहाची स्ट्रिप सात रात्रीही पुरत नसे. सगळ्या स्ट्रिपा माझ्याच दुकानातून जात, त्यामुळे हिशेब माझ्या बिलबुकात आहे आणि तो टिंबांशी तंतोतंत जुळतो.

अकराव्या महिन्यात रक्तात पुन्हा ब्लास्ट पेशी, म्हणजे ल्युकेमियाच्या अपक्व पेशी, दिसल्या. येथील एका डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून भरल्या ओपीडीत विचारले, "गोळ्या चुकवल्यात का?" ताईचे थोरले दीर शेजारीच उभे होते. डॉक्टरांनी नुसता प्रश्न विचारला होता, दिरांनी त्याचा निकाल करून टाकला. मुलगा गेल्यानंतर प्रत्येक लग्नाकार्यात कोणी ना कोणी तो निकाल ताईच्या कानावर घालतेच.

आता संशोधनाकडे येतो. गोळी पोटात गेली म्हणजे काम झाले, असे नसते. सिक्स-एमपी पेशीत शिरल्यावर त्याला फॉस्फेट जोडले जाते, तेव्हा ते खरे औषध बनते, आणि पेशी ते स्वतःच्या डीएनएमध्ये बसवून घेते व मरते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अडोल्फो फेरांडो यांच्या गटाने २०१३ साली आजार उलटलेल्या रुग्णांच्या पेशी तपासल्या. टी-पेशींच्या १०३ रुग्णांपैकी २० जणांत एनटी५सी२ या जनुकात बदल आढळला. या जनुकापासून बनणारे एन्झाइम ते फॉस्फेट काढून टाकते, आणि बदलामुळे ते इतके सक्रिय होते की औषध पेशीत टिकतच नाही. त्याच गटाने २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की अशा पेशी एरवी दुबळ्याच असतात. हे एन्झाइम त्यांच्या स्वतःच्या गरजेची प्युरिनेही, म्हणजे डीएनएचा कच्चा मालही, उधळते, त्यामुळे त्यांची वाढ मंदावते. त्या बाजी मारतात त्या केवळ सिक्स-एमपी चालू असताना. म्हणजे ज्या घरात गोळी रोज नेमाने दिली जाते, तेथेच या पेशींचे फावते. हे आमच्या दिरांना कोणीतरी समजावून सांगावे.

सुप्त पेशी, मेंदूभोवतीच्या द्रवात दडून बसणाऱ्या पेशी, हेही प्रतिरोधाचे मार्ग आहेत, पण त्यांवर जाणकारांनी लिहावे. आपल्या घरात कोणाचा आजार उलटला असेल, तर नव्या नमुन्याची जनुकीय तपासणी होऊ शकते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा, आणि रात्री जागून गोळ्या देणाऱ्या बाईची उलटतपासणी कोणालाही घेऊ देऊ नका.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. माझ्या भाच्याच्या पेशींची अशी तपासणी झाली नव्हती, त्यामुळे त्याच्या बाबतीत हेच घडले असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय शंभरातील पाचांहून अधिक मात्रा चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, हेही अभ्यासातून दिसले आहे, तेव्हा माझे उत्तर वाचून कोणी गोळी टाळू नये.

ताईची ती दोन कॅलेंडरे माझ्या दुकानात, बिलबुकांच्या गठ्ठ्यात आहेत. थोरल्या दिरांच्या मधुमेहाच्या गोळ्याही माझ्याकडूनच जातात, आणि त्यांच्या स्ट्रिपा दर महिनाअखेरीस शिल्लक असतात.